कुरूपांनी अर्ज करू नये

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी आपल्या पहिल्या सिनेमासाठी पेपरात जाहिरात दिली. नट पाहिजेत म्हणून. लोक आले. जे आले ते बघून फाळके कावले आणि पुढच्या जाहिरातीत घालून टाकलं की कुरूप चेहऱ्यांनी येऊ नये. मराठी मुलखातली सिनेमाची पहिली ऑडिशन ही अशी. बाईच्या पार्टाला तर बाई मिळेना. तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला असलेला अण्णा साळुंके त्यांना दिसला. त्याला उचलला आणि 'राजा हरिश्चंद्र'ची तारामती करून टाकला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम पण तोच आणि सीता पण तोच. हॉटेलातला आचारी! एजंट नाही, फोटोंचा अल्बम नाही, कुणाची चिठ्ठी नाही.

ती कुरूपांची ओळ आता कुणी छापत नाही. आता 'लूक मॅच होत नाही' म्हणतात.

शिरूर-दौंडची पोरं मला विचारतात, भाऊ, एजंट नसला तर ऑडिशन कुठं मिळतं? मी गिरणीतला माणूस. रिंग खात्यात तुटलेले धागे जोडतो, पाळी सुटली की कविता लिहितो. मला काय विचारता? पण विचारतात, कारण वस्तीत दुसरं विचारायला माणूस नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेली पोरं, कुरकुंभच्या केमिकलमध्ये नाक जाळून घेणारी पोरं, बारावी करून घरात बसलेल्या पोरी. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये स्वतःचे व्हिडिओ. कुणी निळू फुलेंचा डायलॉग मारतंय, कुणी भाषण ठोकतंय. त्यातली दोन-तीन पोरं खरंच ताकदीची हायेत. हे मी भावकी म्हणून बोलत नाही.

तर मी सांगतो ते माझ्या धंद्यातलं सांगतो.

माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, तो बाहेर पडला, परत आत गेलाच नाही. त्याच्याकडून मी जॉबर हा शब्द ऐकला. पुढं वाचूनही घेतलं. जुन्या गिरणीत मालक कामगार भरायचा नाही, जॉबर भरायचा. सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर बदलीवाल्यांचा घोळका उभा. जॉबर बाहेर यायचा, नजर फिरवायचा, बोट करायचा. तू ये. तू ये. बोट कुणाकडं जायचं? ज्यानं हात ओले केले त्याच्याकडं, नाहीतर गाववाल्याकडं, जातवाल्याकडं. आणि आपला माणूस आत गेला तरी कुठं जायचा? सूतखात्यात. विणखात्यात न्हाई. का? तर धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढायला लागायचा, आणि महाराचं थुंकी लागलेलं सूत दुसऱ्याला चालायचं नाही. विणखात्यात पगार जास्त होता, हे वेगळं सांगायला नको. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. कामगार एक, मग विणखातं सगळ्यांना उघडं का नाही?

आता अंधेरीला जा आणि बघा. गेट तेच. बदलीवाले तेच. सिनेमात त्यांना ज्युनियर आर्टिस्ट म्हणतात, भरती करणाऱ्याला सप्लायर म्हणतात, थोडा वरचा असला तर कोऑर्डिनेटर. गर्दीतला माणूस पाहिजे, मोर्च्यातला माणूस पाहिजे, मेलेला माणूस पाहिजे, तर आपली पोरं ट्रक भरून चालतात. ते सूतखातं. बोलायचा पार्ट, नाव असलेला पार्ट, हीरोच्या भावाचा पार्ट... ते विणखातं. तिथं तोंड लागतं ना!

आपले वामनदादा कर्डक. सिन्नरच्या देशवंडीचे. मुंबईत मजुरी करत होते, वाचायला मोठेपणी शिकले. त्यांनाही सिनेमाची ओढ होती. स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणून उभे राहिले. सिनेमानं त्यांना गर्दीत उभं केलं आणि समाजानं स्टेजच्या मध्ये. ज्या माणसाच्या गाण्यावर आज गावोगाव जयंती उभी राहते त्याला कॅमेऱ्यानं एक ओळ दिली नाही.

म्हणून पोरांचा सवाल मला अर्धाच वाटतो. एजंट नसताना ऑडिशन कुठं मिळतं हे विचारता, पण ज्याला मिळतं त्याला तरी कुठं एजंट असतो? पुण्याच्या पेठेतलं पोरगं बघा. शाळेत नाट्यशिबिर. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक. भरत नाट्य मंदिरात त्याची एकांकिका बघायला जो बसलेला असतो त्याचा मामेभाऊ मालिका लिहितो. स्पर्धा संपल्यावर चहाच्या टपरीवर काम ठरतं. त्याला कुणी एजंट म्हणत नाही. त्याला 'वर्तुळ' म्हणतात, 'आमचा ग्रुप' म्हणतात. ही ओळख पिढीजात असते, सातबाऱ्यासारखी. पोरगं मेहनत करत नाही असं मी म्हणत नाही. करतं. पण त्याची मेहनत दिसायला कुणीतरी समोर बसलेलं असतं. आमच्या शिरूरच्या पोराची मेहनत कोण बघतं? घोडनदीचं पाणी.

आणि जिथं ओळख नसते तिथं दलाल शिरतो.

दौंडला रेल्वे लाइनच्या कडेच्या वस्तीतल्या एका पोराची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, त्याच्या आईला आधीच पुरे झालंय. मोबाइलवर जाहिरात आली. मराठी मालिकेसाठी नवीन चेहरे, अनुभवाची गरज नाही. पुण्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये ऑडिशन. पाचशे रुपये नोंदणी. दोन ओळी म्हणून घेतल्या, टाळ्या वाजवल्या, निवड झाली. त्या दिवशी जे आले त्या सगळ्यांचीच निवड झाली! मग म्हणाले, पोर्टफोलिओ लागतो. पंचवीस हजार. आईनं बचत गटातून कर्ज काढलं. आता घरात अल्बम आहे. गॉगल घातलेला पोरगा, पाठीमागं खोटा समुद्र. फोन लागत नाही. आई हप्ता भरते.

ह्या धंद्याचं गणित एकदा नीट समजून घ्या म्हणजे फसणार नाही. ऑडिशन घेणाऱ्या माणसाला निर्माता पैसे देतो. त्याचं कामच माणूस शोधायचं आहे. तुम्ही त्याचा माल, गिऱ्हाईक नाही. जो तुमच्याकडं पैसे मागतो त्याचा धंदा सिनेमाचा नाही, त्याचा धंदा तुम्ही आहात. नोंदणी, कार्ड, वर्कशॉप, पोर्टफोलिओ, 'सेटवरचं डिपॉझिट', नाव काही असो, पैसे मागितले की उठायचं. खरा कोऑर्डिनेटर काम मिळाल्यावर तुमच्या मोबदल्यातून टक्का कापतो, आधी घेत नाही. फोटो लागतात ते मोबाइलचे चालतात: समोरून, दोन्ही बाजूंनी, भिंतीपुढं, दिवसाच्या उजेडात. गॉगल काढून. जाहिरात आली तर सिनेमाचं, मालिकेचं नाव विचारा, निर्मितीसंस्थेचं नाव विचारा, आणि त्या संस्थेच्या ऑफिसात फोन करून खरं-खोटं करा. नाव 'गुप्त' असलं तर तिथं काही नसतं. कामाचे पैसे मालिकेत नव्वद-नव्वद दिवसांनी येतात, तोवर खायचं काय ते आधी ठरवा.

पोरींना वेगळं सांगतो. एकटीला खोलीवर, रात्री, 'मीटिंगला' बोलावलं तर जायचं नाही, सोबत दोघं पाहिजेत आणि ते बाहेर नाही, आत बसले पाहिजेत. केरळात हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ ला बाहेर आला. सरकारनं तो साडेचार वर्षांहून जास्त दाबून ठेवला होता. नावाजलेल्या नट्यांचं तिथं जे झालं ते त्यात आहे. मग पाठीशी कुणी नसलेल्या पोरीचं काय होत असेल ते मी लिहायची गरज नाही.

त्याच केरळात पहिल्या मल्याळम सिनेमाची नायिका कोण होती माहीत आहे? पी. के. रोझी. पुलय जातीची, मजुरी करणारी बाई. पडद्यावर तिनं नायर बाईचं काम केलं म्हणून सवर्णांनी थेटरात दंगा केला, तिला गाव सोडायला लावलं. ऑडिशन मिळालं म्हणजे सुटलो असं समजू नका.

दुसरी गोष्ट अंतराची. निरोप येतो रात्री नऊला. उद्या सकाळी अकराला, अंधेरी पश्चिम. अंधेरीत राहणाऱ्याला तो निरोप आहे, दौंडवाल्याला ती शिक्षा. रेल्वे तरी आहे दौंडला. शिरूरहून एसटीनं आधी पुणं, मग मुंबई. एक खाडा, कंत्राटदाराची शिवी, चार-पाचशे रुपये भाडं, दिवसभर जिन्यात बसायचं आणि आत बोलावल्यावर दोन मिनिटं. 'कळवतो.' असे महिन्याला चार खाडे कुठला गिरणी कामगार करील? तेव्हा घरून व्हिडिओ काढून पाठवायची पद्धत जी आता रुळली आहे ती आपल्या फायद्याची आहे. तिचा वापर करा. पण त्या व्हिडिओतही पहिलं वाक्य काय म्हणून घेतात? पूर्ण नाव सांगा, गाव सांगा. आडनाव ऐकलं की अर्धी ऑडिशन तिथंच होते. काही मित्र म्हणतात, आडनाव गाळा. मी म्हणतो, गाळू नका. ज्याला आडनाव ऐकून पार्ट द्यायचा नाही तो गाळलेलं आडनाव तुमच्या बोलण्यातून हुडकून काढतो.

बोलण्याचं तर काय सांगू! 'पानी' म्हणालास, 'पाणी' म्हण. 'लई' नको. 'व्हय' नको. एका ठिकाणी मी स्वतः एका मित्राला घेऊन गेलो होतो. जागेचं नाव घेत नाही. मित्रानं पार्ट जीव तोडून केला. समोरच्या बाई म्हणाल्या, छान आहे, पण भाषेवर काम करा. आणि एक नोकराचा रोल आहे, त्याला ही भाषा चालेल. चालेल! मालिकेत 'ण'ला 'न' म्हणणारा एक तर नोकर असतो, नाहीतर गुंड, नाहीतर हसवायला ठेवलेला. आणि मग २०१६ ला 'सैराट' आला. सगळा सिनेमा करमाळ्याच्या बोलीत. शंभर कोटींच्या घरात गेला म्हणतात. तेव्हा हीच भाषा एकदम 'मातीचा गंध' झाली. पैसा वाजला की गंध येतो, एरवी वास येतो.

ह्या सिनेमांकडं नीट बघा, कारण आपल्या सवालाचं उत्तर तिथं आहे आणि धोका पण तिथंच आहे. २०१३ चा 'फँड्री'. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे, करमाळा तालुक्यातल्या केमचा हलगी वाजवणारा पोरगा. राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला. रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी पोर. २०२२ च्या 'झुंड'मधला अंकुश गेडाम नागपूरच्या वस्तीतला. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे तर आपल्यातलेच कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. २०२१ ला कोरोनानं नेलं त्यांना. ह्यातल्या कुणाकडं एजंट नव्हता. कसं जमलं? पहिल्या तिघांच्या वेळी टेबलाच्या पलीकडं नागराज मंजुळे बसलेला होता. त्याला हलगीवाल्या पोराच्या तोंडात चेहरा दिसला. दुसऱ्याला वाजवणारा दिसला असता.

पण एका नागराजवर आपण किती दिवस जगणार? तो सिनेमा करील तेव्हा पाच-दहा पोरांना दार उघडणार, नसेल करत तेव्हा बंद. शिवाय जे एकदा आत गेले त्यांना पुढं काय मिळतं? पुन्हा जब्याच. पुन्हा डुक्कर, पुन्हा झोपडपट्टी, पुन्हा मार खाणं. डॉक्टरचं काम, वकिलाचं काम, प्रेमात पडलेल्या बँकेतल्या कारकुनाचं काम त्यांना कोण देतो? आपल्या पोराला दुःखच तेवढं नीट करता येतं अशी ह्यांची समजूत आहे.

आता चौफुल्याकडं चला. आपल्या दौंड तालुक्यातलंच, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. तिथली संगीतबारीची थेटरं सगळ्या महाराष्ट्राला माहीत. आणि वर जुन्नरला नारायणगाव, विठाबाईंचं गाव, जिथं जत्रांच्या दिवसांत फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची माणसं सुपारी द्यायला येतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यात नट-नट्यांची बाजारपेठ शंभर वर्षांपासून आहे. तिथं ऑडिशन नाही, उचल आहे. फडमालक दसऱ्याच्या आधी उचल देतो, कलाकार हंगामभर बांधला जातो, ऊसतोडवाल्यासारखा. कोरोनात दोन हंगाम जत्रा बुडाल्या तेव्हा उचल अंगावर राहिली आणि पोटाला काही नाही. सिनेमावाले इथं येतात की नाही? येतात. हीरोइनला लावणी शिकवायला बाई पाहिजे असते. शिकून जातात. पडद्यावर तमासगिरीण कोण? १९७२ च्या 'पिंजरा'त संध्या. २०१० च्या 'नटरंग'मध्ये सोनाली कुलकर्णी, आणि गुणाच्या कामाला अतुल कुलकर्णी. नट म्हणून ते चांगलेच आहेत, माझं भांडण त्यांच्याशी नाही. पण ज्यांच्या घरात हे चार पिढ्या चाललंय त्यांना शिकवणी देण्यापुरतं बोलवायचं आणि ऑडिशनला नाही, ह्याला मी काय म्हणू?

इथं आपलेच काही जाणते मित्र मला अडवतील. म्हणतील, तमाशा, नाचगाणं, सिनेमा... बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितलं, आणि तू पोरांना परत तिकडं ढकलतोस. पठ्ठे बापूराव पवळाला घेऊन चळवळीला पैसे द्यायला आले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत, ही गोष्ट आपल्याकडं सांगतात. मीही ऐकलीय. पण त्यात नकार कशाला होता? बाईला नाचवून मिळवलेल्या पैशाला. नटण्याला नाही. तसं असतं तर भीमराव कर्डकांचे जलसे उभे राहिले असते का? सत्यशोधक जलशापासून आंबेडकरी जलशापर्यंत आपली सगळी चळवळ पेट्रोमॅक्सच्या उजेडात सोंगं घेऊन गावात शिरली आहे. सोंग घेणारा कार्यकर्ताच होता. आज त्याच कार्यकर्त्याचा नातू नट व्हायचं म्हणाला की आपण त्याला एमपीएससीचा फॉर्म देतो.

आणि निळू फुले कुठून आले? पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय कॉलेजात माळीकाम करत होते. सेवादलाच्या कलापथकात नाचले, वगनाट्यं केली, मग १९६८ ला 'एक गाव बारा भानगडी'. दादा कोंडके गिरणी कामगाराचा पोरगा, लालबागच्या चाळीतला, तो पण सेवादलाच्या पथकातून. म्हणजे एजंट होता! पथक हाच एजंट. टक्का न घेणारा. आत्ताचं बघा, २०१२ चं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. संभाजी भगतांची कल्पना आणि गाणी, लिहिलं जालन्याकडच्या राजकुमार तांगडेनं, बसवलं नंदू माधवनं, आणि कामं करणारी बरीच पोरं जालन्याकडची, शेतावरची. मुंबई-पुण्यात तुफान चाललं. त्यातला कैलास वाघमारे पुढं 'तान्हाजी'सारख्या मोठ्या हिंदी सिनेमात दिसला. त्याची ऑडिशन त्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगाला होत होती.

आपल्याकडं पथक का नाही? पैसा नाही म्हणू नका. १४ एप्रिलला शिरूरला आणि दौंडला डीजेवर काय उडतं ते मला माहीत आहे, वर्गणीची पावती माझ्याही खिशात असते. भिंती हादरतात, म्हातारी माणसं कानात बोटं घालतात, आणि स्टेजवर नाटक करायचं म्हटलं की कमिटी म्हणते वेळ नाही. कोरेगाव भीमा आपल्याच शिरूर तालुक्यात. १ जानेवारीला लाखो माणूस रस्त्यावरून जातं. जगातला कुठला नट एवढा प्रेक्षक सोडील? आपण तिथं पुस्तकं विकतो, ते बरोबरच आहे. पण त्या गर्दीपुढं वीस मिनिटांचं पथनाट्य आपल्या दोन तालुक्यांनी कधी उभं केलं?

सरकारकडं मागायचं ते पण मागूया, भीक म्हणून नाही. मराठी सिनेमाला सरकार लाखांचं अनुदान देतं. तो पैसा आपला पण आहे. मग अनुदान पाहिजे असलेल्या निर्मात्यानं जाहीर ऑडिशन घेतलंच पाहिजे, तारीख आणि जागा आठ दिवस आधी छापून, मुंबईबाहेर जिल्ह्यात, आणि फी न घेता. ही अट का घालत नाहीत? मुंबईच्या गिरण्यांत १९३५ ला बदली कामगारांची नोंद आणि पास सुरू झाले तेव्हा जॉबरचं बोट जरा आखडलं. आम्हाला तसा पास पाहिजे. नोंदवहीत नाव, आणि नावाप्रमाणं पाळी.

कारखान्यात असलेल्यांनी आपली पगाराची चिठ्ठी बघा. जूनला आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधी कापला जातो. त्याच निधीवरचं कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या नाट्यस्पर्धा घेतं. तुमच्या पैशावर स्पर्धा होते आणि तुम्ही बघायला सुद्धा जात नाही. शासनाची हौशी नाट्यस्पर्धा आहे, तिथं पण संस्थेच्या नावानं उतरता येतं. पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म इन्स्टिट्यूट, दिल्लीला एनएसडी, दोन्ही केंद्र सरकारच्या. जागा राखीव आहेत. एनएसडीत पदवी आणि नाटकाचा अनुभव लागतो, पण सगळ्यांना विद्यावेतन मिळतं. दौंडच्या किती पोरांनी ह्यातला एक तरी फॉर्म भरला? फॉर्म भरणं ही चळवळ वाटत नाही आपल्याला, मोर्चा वाटतो.

आणि एक खोली. आजाच्या काळात मुंबईत गावकीच्या खोल्या होत्या. एका गाळ्यात वीस-तीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची, भाडं वाटून. गावाकडनं नवीन पोरगं आलं की पहिलं तिथं. गिरणी कामगाराची मुंबई त्या खोल्यांवर उभी होती. शिरूर-दौंडनं मिळून मालाड-गोरेगावकडं एक खोली धरायची. ज्याची ऑडिशन असेल तो आदल्या रात्री तिथं झोपेल. मित्रांनी हिशोब करून पाहिला, डीजेच्या एका रात्रीत सहा महिन्यांचं भाडं निघतं.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला दौंडच्या विहारात जमतोय. रात्रपाळीवाल्यांनी थेट तिकडंच यावं, चहा आहे. प्रत्येकानं चार मिनिटांचं काहीतरी पाठ करून आणायचं, शक्यतो स्वतः लिहिलेलं. जब्या नको. डॉक्टर करा, इन्स्पेक्टर करा, प्रेमात पडलेला कारकून करा. व्हिडिओ माझ्या मोबाइलवर काढू. 'न' आणि 'ण' दोन्ही चालतील.